घरकुल मंजूर, पण पाया कुठे खणायचा?

घरकुलाच्या यादीत नाव येते, ग्रामसभेत टाळ्या वाजतात, पुढारी फोटो काढून घेतात. मग ग्रामसेवक विचारतो, जागेचा उतारा कुठे आहे? गावोगावच्या बौद्ध, मातंग आणि पारधी वस्त्यांतील भूमिहीन शेतमजुरांची घरे या एका प्रश्नावर अडून पडली आहेत. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात राबवली जात आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. पण ही योजना घर बांधायला पैसे देते, घर बांधायला जागा देत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याने पाया कुठे खणायचा?

हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील शेतमजुरांची संख्या सुमारे 1 कोटी 35 लाख होती आणि शेतकऱ्यांची सुमारे 1 कोटी 26 लाख. म्हणजे या राज्यात शेत कसणाऱ्या मालकांपेक्षा शेतात राबणारे मजूर जास्त आहेत. तरीही ग्रामीण भागातील बांधकामाचे नियम करताना सरकारच्या डोळ्यांसमोर फक्त सातबारावाला असतो.

पुरावा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडून पाहा. शेतजमिनीवर बिगरशेती परवानगीशिवाय कोणती इमारत बांधता येते, हे कायद्याने सांगितले आहे. अवजारे, खत, चारा आणि धान्य ठेवण्याची जागा, जनावरांचा गोठा, आणि जमीनधारकाचे कुटुंब, त्याचे नोकर किंवा कुळे यांचे राहणे, या सगळ्याला कायदा 'शेतावरची इमारत' म्हणतो. शेतमजुराच्या निवाऱ्याचा विचार कायद्याने केला, पण कुठे केला? खताच्या कोठारानंतर आणि गोठ्यानंतर, मालकाच्या व्यवस्थेचा एक भाग म्हणून. घर मालकाचे, जमीन मालकाची, मजूर फक्त त्यात राहणारा. काम सुटले की छप्परही सुटले. अशा छपराखाली राहणारा माणूस किमान वेतन कसे मागणार? अत्याचाराची फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात कसा जाणार?

पुढच्या सवलतीही त्याच दिशेने गेल्या. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमिनीच्या निवासी वापरासाठी वेगळ्या बिगरशेती परवानगीची अट काढण्यात आली. निर्णय चांगला आहे. पण ती 200 मीटर जमीन कोणाची आहे? आपली वस्ती गावठाणाच्या टोकाला आणि तिच्याभोवतीचे शेत दुसऱ्याचे, हेच बहुतेक गावांचे चित्र आहे. परवानगी सोपी झाली ती ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यासाठी. भूमिहीनाला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून सुरुवातीला 50 हजारांपर्यंत मदत ठरली. पण दलिताला आपल्या बांधाला लागून जागा विकायला गावात कोण पुढे येतो, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मग उरते गायरान. पिढ्यान्पिढ्या जागा न मिळालेल्या माणसाने गायरानावर कूड उभे केले, की सरकारी कागदावर तो 'अतिक्रमणधारक' होतो. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर राज्याचाही शासन निर्णय निघाला. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सुमारे 2 लाख 22 हजार बांधकामांचा आकडा पुढे आला आणि गरिबांच्या दारावर नोटिसा लागल्या.

गुरांना चराई हवी, धनदांडग्यांनी सामाईक जमिनी गिळू नयेत, ही न्यायालयाची चिंता खरी आहे. पण त्याच सुनावणीतील आकडे काय सांगतात? राज्यातील गायरान सुमारे 4 लाख 52 हजार हेक्टर आणि अतिक्रमण सुमारे 10 हजार हेक्टरवर, म्हणजे शंभरात सव्वादोनच्या आसपास. तेवढ्याने गुरे उपाशी मरतात आणि सौरऊर्जेच्या प्रकल्पांना गायराने दिली की मरत नाहीत, हा कुठला हिशेब? शिवाय जगपाल सिंग निकालातच एक अपवाद ठेवलेला आहे. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिला असेल, तर नियमानुकूल करण्याचा विचार होऊ शकतो. नोटीस बजावणारे तहसीलदार निकालाचे पहिले पान दाखवतात, हा अपवाद दाखवत नाहीत. आणि अधिसूचना काढून पट्टे देणे हे काम न्यायालयाचे नाही, सरकारचे आहे.

हे होऊ शकते, हे केरळने दाखवून दिले. तिथेही जमीनदाराच्या जागेत झोपडी घालून राहणारा शेतमजूर मालकाच्या मर्जीवर जगत होता. 1 जानेवारी 1970 पासून लागू झालेल्या सुधारित जमीन सुधारणा कायद्याने पंचायत क्षेत्रातील अशा झोपडीधारकाला झोपडीसह 10 सेंट जागा, म्हणजे सुमारे 4 गुंठे, विकत घेण्याचा हक्क दिला. मजुरांच्या संघटनांनी कुंपणे घालून तो हक्क बजावला. पायाखालची जमीन स्वतःची झाली, तेव्हाच तिथला मजूर मजुरीसाठी मालकासमोर ताठ उभा राहिला.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 1942 च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पडीक सरकारी जमिनी अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी राखून ठेवण्याची मागणी मांडली. गावगाड्यावर अवलंबून असलेला माणूस मतदानाचा हक्क मिळूनही गुलाम राहतो, हे त्यामागचे सूत्र होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच वाटेने. आज आपण पुतळ्याच्या जागेसाठी जितके भांडतो, तितके वस्तीच्या जागेसाठी भांडतो का?

मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला गावठाणात किंवा गावठाणाला लागून घरापुरती जागा, पती-पत्नी दोघांच्या नावे. जिल्हाधिकाऱ्यांना महसूल संहितेच्या कलम 122 खाली गावठाणाची जागा ठरवण्याचा अधिकार आहे, तो वापरा. 1 जानेवारी 2011 पूर्वीची सरकारी जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा 2018 चा शासन निर्णय आहे, त्याची गावनिहाय अंमलबजावणी जाहीर करा. आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय एकाही भूमिहीनाचे घर पाडू नका.

कार्यकर्त्यांनीही केवळ निवेदने देऊन थांबू नये. आपल्या गावात गायरान किती, ते कोणाला दिले, कोणाच्या ताब्यात आहे, हे माहितीच्या अधिकारात मागावे. वस्तीतील प्रत्येक घराच्या जुन्या नोंदी, वीजबिले, मतदार याद्या, घरपट्टीच्या पावत्या एकत्र कराव्यात. ग्रामसभेला बायकांसह सगळ्यांनी हजर राहून ठराव लिहून घ्यावा. नोटीस आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नोटीस येण्याआधी कागद तयार असलेला बरा. ज्यांनी या राज्याची शेते उभी केली, त्यांना त्याच मातीत घरापुरती जागा मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.