बाटली आडवी झाली. माणूस उभा कोण करणार?

दारूविरुद्धचा लढा महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यातील दारूच्या गुत्त्यांविरुद्ध महात्मा फुले यांनी १८८० मध्येच नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. आज गावातील महिला मतदार ‘आडव्या बाटली’ला बहुमताने कौल देऊन दुकान बंद करवू शकतात. हा हक्क स्त्रियांनी झगडून मिळविला आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दुकानाला कुलूप लागले, म्हणून दारूवाचून ज्याचे हात थरथरतात त्याची तलफ थांबत नाही. तो शेजारचे गाव गाठतो किंवा हातभट्टीकडे वळतो. बाटली आडवी करण्याइतकेच माणूस उभा करण्याचे कामही चळवळीचे आहे, आणि तेच आजवर मागे पडले आहे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात, असे त्यात आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मनोविकारांना आजार मानले आणि त्यावरील उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील करवाढीला मान्यता दिली, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षिला होता. ज्या व्यसनातून तिजोरी भरते, त्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्याला तालुक्याच्या गावी बसायला एक खोली मिळू नये, हा कुठला न्याय?

वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या या मुलखातून पुण्याचे ‘मुक्तांगण’ चारशे किलोमीटरांहून दूर आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने अनेकांना नवे आयुष्य दिले. तथापि उपचार घेऊन परतणारा माणूस त्याच पारावर, त्याच सोबत्यांत आणि त्याच कर्जात परत येतो. पाय घसरतो तो येथे. म्हणून घराजवळची, ठरलेल्या वारी न चुकता भरणारी सभा ही उपचारानंतरची चैन नव्हे. ती उपचाराचाच उरलेला भाग आहे.

‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद या दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिली. तिच्या सभेला ना शुल्क लागते ना शिफारस. पिणे सोडण्याची इच्छा एवढीच अट. प्रत्येकाने आपला अनुभव सांगावा, इतरांनी न टोकता ऐकावा आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. जात, हुद्दा, जमीन यांची चौकशी तेथे होत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यानुसार, या वाटेकडे नेणाऱ्या उपचारपद्धतीने वर्षभरानंतर १०० पैकी ४२ जण दारूपासून पूर्ण दूर होते. अन्य पद्धतींत हे प्रमाण ३५ होते. हा चमत्कार नव्हे, पण हा फरक अनेक संसार वाचविणारा आहे.

कार्यकर्त्याचे काम येथे सुरू होते आणि लवकर संपतेही. सभेचा वार, वेळ, जागा त्याला तोंडपाठ हवी. सभा अशा वेळी असावी की शेवटची एस. टी. चुकू नये. आठवडी बाजाराचा दिवस हाच अनेकांचा पिण्याचाही दिवस. त्या दिवशी परतीच्या गाडीपूर्वी सभा भरली, तर तिचा उपयोग दुप्पट. गावात ओळख उघडी पडण्याची भीती असणाऱ्याला दुसऱ्या तालुक्याची सभा सुचवावी. पहिल्या दिवशी सोबत जावे आणि दारातून परतावे. बायकोला पतीच्या सभेत ओढू नये. तिच्यासारख्या स्त्रियांचा वेगळा गट हवा. आणि रोज पिणाऱ्याला एका रात्रीत दारू तोडण्याची शपथ तर मुळीच देऊ नये. अशा अचानक थांबण्याने आकडी येते, भास होतात, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे.

पक्षाचा फलक, छायाचित्र आणि सत्कार यांचा मोह टाळणे मात्र सर्वांत कठीण. या सभा कोणत्याही पक्षाशी संबंध ठेवत नाहीत, बाहेरची देणगीही घेत नाहीत. सभासदांच्या वर्गणीतूनच चहा आणि भाडे भागते. तेथील ईश्वराचा उल्लेख काही विवेकवाद्यांना खटकेल. परंतु ईश्वर कसा मानावा हे ज्याचे त्याच्यावर सोपविलेले आहे, आणि बुडणाऱ्याच्या हाती लागलेली फळी कोणत्या लाकडाची, हा वाद किनाऱ्यावरच्यांनी घालू नये.

सहाही तालुक्यांच्या गावी शाळेची वा ग्रंथालयाची एक खोली आठवड्यातून दीड तास नाममात्र भाड्याने मिळावी आणि सभेची वेळ प्रत्येक सरकारी दवाखान्यात लावली जावी, ही मागणी माफक आहे. ती मान्य करून घेण्यासाठी मोर्चा लागला तर तोही काढावा. खोली मिळाल्यावर मात्र किल्ली त्यांच्या हाती देऊन कार्यकर्त्याने घरी जावे.