मुलाखत माळेगावात, तयारी मात्र यूट्यूबवर!

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मीही ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ घोकलं होतं. मुलाखतीत समोरच्यांनी हातात व्हर्निअर दिला आणि माप घ्यायला सांगितलं. घामच फुटला! सिन्नरच्या मुलांचं आजही तेच होतंय. माळेगाव एमआयडीसी, मुसळगावची सहकारी वसाहत हाकेच्या अंतरावर. पण कारखाना आतून पाहिलेला नसतो.

१९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. यात डिप्लोमा, डिग्रीवालेही बसतात, नुसते आयटीआयवाले नाहीत. स्टायपेंड कमी म्हणून नाकं मुरडू नका. केंद्राच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर नाव नोंदवा. मग रेझ्युमेत ‘हार्डवर्किंग’ऐवजी कोणत्या मशिनवर काय काम केलं, ते लिहिता येईल.