घोयऱ्याला खोक्यात कोंडू नका

मित्रांनो, कुंपणावर घोयरा सरडा दिसला, की काही मुलं त्याला धरून खोक्यात घालतात. मग रोज नुसत्या माश्या! आपल्याला रोज नुसता भात वाढला तर चालेल का? झाडावर तो नाकतोडे, रातकिडे, अळ्या, माश्या असं नाना तऱ्हेचं खातो. (जीभ तर अंगापेक्षा लांब फेकतो!) वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. औषध फवारलेल्या शेतातले किडे दिले तर बिचारा मरायचा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला धरायला नि पाळायला बंदी आहे. पालकहो, तो विषारी नाही, काठी उगारू नका. ज्यांच्या घरी खोक्यात असेल, त्यांनी आजच त्याला जिथून आणला त्याच कुंपणावर सोडावा.