एफडीचं कार्ड बंद करतोयस? थांब की भावा!

राजारामपुरीत चहा पिताना परवा मित्र म्हणाला, "स्कोअर सुधारला. आता ते एफडीचं कार्ड बंद करतो, पैसे मोकळे करतो." मोबाईलचे तीन हप्ते थकले, तेव्हा त्याचा सिबिल स्कोअर घसरला होता. कुठली बँक साधं कार्ड देईना, म्हणून 20 हजारांची एफडी तारण ठेवून त्यानं हे कार्ड घेतलं आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरलं.

माझं म्हणणं, घाई नको. पुढच्या वर्षी त्याला बहिणीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचंय. 300 ते 900 मधला हा आकडा ठरताना एकूण मर्यादेपैकी किती वापरली, हेही बघतात. समजा, 20 हजार आणि 30 हजार मर्यादेची दोन कार्डं आहेत. खर्च 12 हजार, म्हणजे वापर 24 टक्के. एफडीचं कार्ड गेलं की तोच खर्च 40 टक्के! आणि कार्ड एकच असेल, तर वेळेवर भरल्याची नवी नोंद होणार कुठून?

एफडी अडकलीय खरी, पण तिचं व्याज चालूच आहे. मात्र वार्षिक फी जड जात असेल, खर्चावर ताबा राहत नसेल किंवा घरात पैशाची नड असेल, तर खुशाल बंद कर. आधी सगळी बाकी भर. मग अर्ज दिल्यावर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वर्षातून एकदा मोफत मिळणारा रिपोर्ट काढून नोंदही तपास.

एक कुस्ती मारली म्हणून पैलवान तालीम सोडतो होय?