ऑनसाइट, पोट आणि व्हँकूवरचा काठ

ऑनसाइटहून परतणारा माणूस दोन गोष्टी हमखास आणतो. एक म्हणजे चॉकलेटं आणि दुसरं म्हणजे तीन-चार किलो वजन. चॉकलेटं टीममध्ये वाटून टाकता येतात, वजनाचं तसं नसतं. त्यावर आपल्याकडे प्रतिक्रियाही ठरलेली: "कंट्रोल नाही रे तुला!" म्हणजे सगळा दोष त्या बिचाऱ्याचा.

माझं मत जरा वेगळं आहे. परगावी तब्येत सांभाळणं हा मनोनिग्रहापेक्षा पत्त्याचा प्रश्न आहे. तुम्ही उतरता कुठे, दाराबाहेर पडल्यावर पाय कुठे वळतात आणि भूक लागली की पाच मिनिटांवर काय मिळतं, यावरच निम्मा निकाल लागलेला असतो.

हा विषय माझ्यासाठी नुसता गमतीचा नाही. बाबांना चाळिशीतच मधुमेह निघाला. माझं वय २८, आणि कंपनीच्या तपासणीत माझं एचबीएवनसी आलं ५.८. मधुमेहपूर्व पट्टा ५.७ ते ६.४ चा, म्हणजे उंबरठा ओलांडून आत पाऊल पडलेलंच. त्याच सुमारास उन्हाळ्यात सहा आठवडे व्हँकूवरला जायचं ठरलं. तेव्हा हॉटेल बघताना मी जिमचे फोटो बघितले नाहीत, नकाशा बघितला.

व्हँकूवर हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. डाउनटाउनच्या तीन बाजूंना पाणी आणि पलीकडे डोंगर. पण नुसतं देखणं असून कुणी चालायला लागत नाही. चालायला लावते ती सीवॉल, म्हणजे पाण्याच्या कडेकडेने गेलेली जवळजवळ २८ किलोमीटरची सलग वाट. त्यातला स्टॅन्ली पार्कभोवतीचा फेरा साधारण नऊ किलोमीटरचा. संपूर्ण सपाट. चालणारे आणि सायकलवाले यांच्या वाटा वेगळ्या, आणि पार्कभोवती सायकली एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट्या. हेल्मेट मात्र कायद्याने सक्तीचं. चालत गेलात तर दोन-अडीच तास, सायकलवर तासभर. त्यासाठी ट्रेकर असण्याची अजिबात गरज नाही, साधे बूट पुरतात.

मी डेनमन स्ट्रीटजवळ राहिलो. खोली लहान, पण किचनेट होतं आणि समुद्र सात मिनिटांवर. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. म्हणजे साडेपाचला लॅपटॉप बंद केला तरी पुढे जवळजवळ चार तास उजेड! उन्हाळ्यात भारत साडेबारा तास पुढे, त्यामुळे पुण्याच्या टीमची स्टँडअप रात्री नऊनंतरच. स्टॅन्ली पार्कात रोज रात्री नऊला एक जुनी तोफ उडवतात. माझा हिशोब सोपा होता: तोफेच्या आधी चालणं, तोफेनंतर कॉल.

आता खाण्याचं. हॉटेलात राहिलं की सकाळी बुफे, दुपारी क्लायंटबरोबर सँडविच-चिप्स आणि रात्री कंटाळून पिझ्झा, हा आपला नेहमीचा क्रम. बॅगेतलं रेडी-टू-ईट उपम्याचं पाकीट हे त्यावरचं उत्तर नव्हे. पहिल्याच शनिवारी बाजार गाठावा. फॉल्स क्रीक नावाची खाडी छोट्याशा बोटीने ओलांडली की ग्रॅनव्हिल आयलंड. एकेकाळी इथे कारखाने होते, १९७९ साली सार्वजनिक बाजार सुरू झाला. जुलैत तिथे ब्लूबेरी आणि चेरी बघून आपण द्राक्षं-आंब्यांपुढे थांबतो तसे थांबतो. मासे खाणाऱ्यांसाठी सॅमन. आपल्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात खरं, पण तो वेगळ्याच कुळातला मासा. चव वेगळी, तरी हळद-तिखट-मीठ लावून तव्यावर टाकलेला सॅमन आणि गरम भात म्हटलं की माणूस बाहेरचं जेवण विसरतो. शाकाहारी मंडळींनी बसने मेन स्ट्रीट आणि ४९ व्या अव्हेन्यूपाशी जावं. तिथल्या पंजाबी मार्केटमध्ये डाळी, मसाले, कणीक मिळते. आणि नळाचं पाणी डोंगरातल्या जलाशयांतून येतं, बिनधास्त प्या. कोल्ड्रिंकचे पैसेही वाचतात आणि साखरही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं उन्हाळ्याचं कौतुक झालं. मान्य. डिसेंबरात तिथे सव्वाचारला अंधार पडतो आणि हिवाळाभर पावसाची रिपरिप. शहरही भयंकर महाग. पण रेनकोट घालून लोक तेव्हाही चालताना दिसतात, असं तिथले सहकारी सांगतात. आणि महागाईचा भार मी खोलीच्या आकारावर टाकला, पाण्यापासूनच्या अंतरावर नाही.

खरा मुद्दा पुढेच आहे. ही वाट निसर्गाने दिलेली नाही. लाटांनी काठ झिजू नये म्हणून १९१७ मध्ये भिंत बांधायला सुरुवात झाली. जेम्स कनिंगहॅम नावाच्या स्कॉटिश गवंड्याने आयुष्यातली तीसेक वर्षं त्या दगडांत घालवली. पार्कभोवतीचा फेरा पुरा व्हायला १९७१ उजाडलं. १९६०च्या दशकात चायनाटाउनच्या वस्तीतून फ्रीवे नेण्याचा बेत होता. रहिवाशांनी विरोध केला, बेत बारगळला. आजही डाउनटाउनमधून फ्रीवे जात नाही. पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या या निर्णयांमुळे मी संध्याकाळी आठ हजार पावलं चाललो. त्यात माझं कर्तृत्व शून्य!

आणि इथे आपण काय करतो? आयटी पार्कबाहेर फुटपाथ गायब, म्हणून गाडी काढून जिमला जातो, ट्रॅफिकमध्ये तासभर बसतो आणि तिथे ट्रेडमिलवर चालतो. वर 'शिस्त नाही' म्हणून स्वतःलाच बोल लावतो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी बघा. आजोबा, कॉलेजची पोरं, ऑफिस सुटलेले कारकून, सगळे चालताहेत. ते काय सगळे शिस्तीचे पुतळे आहेत? त्यांना चालायला जागा आहे, एवढंच. तेव्हा आपल्या वॉर्डात फुटपाथ मागणं हासुद्धा मधुमेहावरचा इलाजच समजा.

सहा आठवड्यांनी माझं वजन होतं तेवढंच राहिलं. साखरेचं आत्ताच सांगता येत नाही. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे थांबावं लागेल.

तोवर फुकटचा सल्ला: पुढच्या वेळी ट्रॅव्हल डेस्कने हॉटेलांची यादी पाठवली की 'किती स्टार' हे विचारू नका. दोनच गोष्टी विचारा. चालायची वाट किती मिनिटांवर आहे आणि भाजीबाजार किती मिनिटांवर आहे?