पाचपैकी पाच

जर्मनीला पाठवण्याआधी कंपनीने माझ्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. परक्या लोकांत मी सहज मिसळतो, वेगळ्या चालीरीतींशी जुळवून घेतो, अशी विधानं आणि प्रत्येकापुढे १ ते ५ आकडे. मी भराभर पाचावर खुणा केल्या. खोटं लिहीत नव्हतो. मला मनापासून तसंच वाटत होतं. तिकडे तिसऱ्या महिन्यात एका सहकाऱ्याने सगळ्यांदेखत माझ्या कामाला "हे चुकलंय" म्हटलं. तासाभराने तोच मला कॉफीला बोलवायला आला. त्याच्या लेखी विषय संपला होता. मी मात्र आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

प्रश्नावलीतून माणसाचं स्वतःबद्दलचं मत कळतं. ते प्रामाणिक असलं, तरी परदेशी नेमणूक त्यावर ठरणार असेल तर आपोआप फुगतं. म्हणून मानसशास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली 'आयएटी' ही चाचणी मत विचारतच नाही, वेळ मोजते. पडद्यावर चेहरे आणि शब्द येत राहतात. आपल्यातले चेहरे आणि चांगले शब्द यांना डावं बटण, परके चेहरे आणि वाईट शब्द यांना उजवं. मग जोड्या उलटतात. परके चेहरे आणि चांगले शब्द एकाच बटणावर येतात. बोट अडखळतं, आणि तेवढा उशीर नोंदला जातो. ही चाचणी जगभर पोचवणाऱ्यांमध्ये सिकंदराबादला जन्मलेल्या, हार्वर्डच्या महजरीन बानाजी आहेत.

या कामाबद्दल मला आदर आहे. तरीही परदेशी कुणाला पाठवायचं हे अशा चाचणीवर ठरवू नये. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा बसला, तर गुण बरेच बदलू शकतात. वागण्याशी त्यांचा संबंधही क्षीणच आढळला आहे. मनात काय चिकटून बसलंय हे कळलं, तरी अवघड वेळी माणूस काय करेल ते कळत नाही.

इथे मला रिचर्ड लापिएर आठवतात. १९३० पासून दोन वर्षं हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. चिन्यांविषयीचा आकस तेव्हा उघड होता. हॉटेलं-खाणावळी धरून ते २५१ ठिकाणी गेले. नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. सहाएक महिन्यांनी त्यांनी त्याच जागांना पत्रं पाठवली: चिनी पाहुणे ठेवून घ्याल का? १२८ उत्तरं आली, त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक 'नाही' अशी. पत्रातला 'चिनी' हा एक शब्द होता. दारात उभी होती ती प्रवासाने दमलेली, हसून बोलणारी दोन माणसं.

म्हणून माझा आग्रह आहे की परदेशी पाठवलेल्या माणसाबद्दल तीन-चार महिन्यांनी त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा. कळलं नाही तर हा विचारतो का? खटका उडाल्यावर पुन्हा बोलायला येतो का? तुम्ही आपली अडचण त्याच्याकडे नेता का?

मी परतलो तेव्हा पुन्हा तीच प्रश्नावली माझ्यापुढे आली. कॉफीला बोलवायला आलेल्या त्या सहकाऱ्याला कुणी काहीच विचारलं नव्हतं.