ट्रॅक्टरचे मागचे ऑइल कधी बदलावे?



इंजिनाचे ऑइल बदलायला आपल्याकडे कोणी सहसा चुकत नाही. ते काळे पडलेले डोळ्यांना दिसते, पट्टीवर कमी झालेले दिसते, आणि ट्रॅक्टरवर बसणारा पोरगासुद्धा आठवण करतो. मागच्या पेटीतल्या ऑइलची मात्र कोणाला आठवण होत नाही. ते जळत नाही, धूर करीत नाही, वर्षानुवर्षे मुकाट्याने आत पडून असते. त्यामुळे ते बदलावे की नाही, आणि बदलायचे तर केव्हा, याबद्दल गावोगाव नाना मते ऐकायला मिळतात.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात मावळातल्या एका वाडीवर हरभऱ्याच्या बियाण्याच्या कामासाठी गेलो होतो. भात निघालेले, रानाला ओल होती, आणि नांगर जोडलेला ट्रॅक्टर अंगणात उभा. लिफ्टचे हात थरथरत वीतभर उचलायचे आणि पुन्हा खाली बसायचे. दोघे भाऊ एकत्र राहणारे. तालुक्याहून आलेला मिस्त्री आदल्या दिवशी सांगून गेला होता की पंप गेला, पेटी खोलावी लागेल. धाकटा म्हणत होता, विकून टाकू ही ब्याद. थोरला म्हणत होता, अजून दीड वर्षाचे हप्ते राहिलेत, विकून बँकेला काय देणार? बोलणे वाढत वाढत वाटणीपर्यंत आले होते. आई ओट्यावर बसून होती, ती काहीच बोलत नव्हती.

मी सहज विचारले, "आण्णा, मागचे ऑइल कधी बदलले?"

"ते कशाला बदलायचं, साहेब? कमी झालं की टाकतो. जुनं ऑइल काढलं की पेटी जाती, सगळेच म्हणतात."

पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत होते.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप या सगळ्यांना एकच ऑइल असते. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलातले आहेत, त्यांच्या ब्रेकच्या प्लेटाही याच ऑइलात फिरतात. म्हणजे दात घासू न देणे, नांगर उचलणे आणि भरलेली ट्रॉली उतारावर थांबवणे, ही तीन कामे त्या तीसचाळीस लिटर ऑइलावर सोपवलेली असतात. ते जळत नसले तरी खराब होते. दातांची झीज होऊन लोखंडाची बारीक भुकटी त्यात मिसळते, कंपनीने त्यात घातलेली औषधे कामाच्या उष्णतेने हळूहळू संपतात, आणि त्यात पाणी शिरते.

भाताच्या मुलखात हे पाणीच मोठा शत्रू आहे. चिखलणीत लोखंडी चाके लावून ट्रॅक्टर पोटापर्यंत पाण्यात जातो. काम करून तापलेली पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओल आत ओढून घेते. सीलची रबरे झिजली असतील तर पाणी सरळच आत जाते. शिवाय मोटरच्या जोराच्या धारेने ट्रॅक्टर धुण्याची हौस असते. गिअरच्या दांड्याखालचे रबर फाटलेले असेल तर त्या धारेचे पाणी कोठे जाईल हे सांगायला नको. पाणी मिसळलेल्या ऑइलाला फेस येतो. फेस म्हणजे हवा, आणि हवा दाबून पंप नांगर कसा उचलणार?

थोडे पाणी असेल तर रंगावरून कळत नाही. अशा वेळी जुनी लोखंडी पळी चांगली तापवून, आचेवरून बाजूला घेऊन तिच्यावर ऑइलाचे दोन थेंब टाकावेत. तडतडले तर पाणी आहे. हे अंगणात करावे, तोंड लांब ठेवावे, आणि घरातल्या भाकरीच्या तव्यावर करू नये, नाही तर ऑइल राहील बाजूला आणि आपलेच तडतडणे सुरू होईल.

आता बदलायचे केव्हा? ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात याचे उत्तर तासांत दिलेले असते. कित्येक ट्रॅक्टरांना ते १,००० तास आहे. जाळी किंवा फिल्टर त्याच्या कितीतरी आधी साफ करायचा किंवा बदलायचा असतो. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल लवकर बदलायला सांगितले असेल तर ते टाळू नये, कारण नवे दात एकमेकांत बसताना भुकटी जास्त पडते. आपल्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याच पुस्तकात पाहावा, शेजाऱ्याच्या नव्हे. मात्र ऑइल दुधाळ झाले असेल तर तास मोजत बसू नये. ते दोनशे तासांचे असले तरी काढावे. चिखलणी करणाऱ्यांनी चिखलणी आटोपली की पट्टी पाहण्याची सवयच लावून घ्यावी.

त्या वाडीवर पुस्तक सापडले, पण तासांचा मीटर बंद पडलेला. किती वर्षांपूर्वी, ते कोणाला सांगता येईना. अशा वेळी डिझेलवरून अंदाज बांधता येतो. चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रॅक्टर हलकीभारी कामे धरून तासाला चार लिटरच्या आगेमागे डिझेल खातो. पण डिझेलचा हिशेब तरी कोणाकडे? दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात थोरल्या वहिनी आतून एक वही घेऊन आल्या. ट्रॅक्टर घरी आल्यापासून प्रत्येक कॅनची नोंद तीत होती. कोणाचे रान नांगरले, किती पैसे यायचे राहिले, तेही होते. पडवीत बसून आम्ही बेरीज केली. ऑइल शेवटचे बदलले ते विक्रेत्याच्या फुकट सर्व्हिसमध्ये, आणि त्यानंतर ४,७०० लिटर डिझेल जळले होते. म्हणजे साडेअकराशेच्या पुढे तास, आणि तीन पावसाळ्यांच्या चिखलण्या.

आता त्या भीतीविषयी. जुने ऑइल काढले की पेटी जाते, ही समजूत अगदीच निराधार नाही, पण ती आली आहे ऑटोमॅटिक मोटारींवरून. त्या मोटारींच्या पेटीत क्लचच्या प्लेटा ऑइलातच फिरतात. दीडदोन लाख किलोमीटर ऑइल बदलले नाही तर प्लेटा झिजून त्यांची भुकटी ऑइलात तरंगते, आणि त्या खरखरीत ऑइलावर झिजलेल्या प्लेटा कशाबशा पकड धरून असतात. अशा वेळी स्वच्छ ऑइल घातले की कधी कधी त्या घसरू लागतात आणि दोष नव्या ऑइलावर येतो. प्लेटा आधीच गेलेल्या असतात. आपल्या साध्या ट्रॅक्टरात दातात दात अडकून गिअर पडतो आणि मुख्य क्लच बहुधा कोरडा, पेटीच्या बाहेर असतो. तेथे घसरायचे काय आहे? फार तर जुने कडक झालेले सील नव्या ऑइलाने ठिबकू लागेल. सील बदलावे. त्यासाठी चिखलाचे ऑइल आत ठेवू नये.

हल्ली गावातही मुले ऑटोमॅटिक गाडी आणतात आणि "हे ऑइल जन्मभराचे आहे" असे सांगतात. त्या जन्माची लांबी कोणी सांगत नाही. झेडएफ ही जर्मनीतली गिअर बॉक्स बनवणारी मोठी कंपनी आपल्या ऑटोमॅटिक पेट्यांसाठी साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे असा सल्ला देते. आणि २०१४ पासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांत जी क्लचचे पेडल नसलेली एएमटी पेटी आली, ती आतून साधीच गिअरची पेटी आहे. तिला तिचे नेहमीचे गिअर ऑइल लागते. ऑटोमॅटिकचे लाल ऑइल तिच्यात ओतू नये. गाडीचे पुस्तक पाहून मगच ऑइल विकत घ्यावे.

असो. वाडीवर आम्ही पेटी खोलण्याआधी ऑइल बदलून पाहायचे ठरवले. पंपाचा खर्च त्या ऑइलाच्या कितीतरी पट होता, आणि मिस्त्री कोठे पळून जात नव्हता.

ऑइल सोडण्याआधी ट्रॅक्टर अर्धा तास चालवून ते कोमट करावे, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर येतो. फार तापले असेल तर हात भाजेल, जपावे. सपाट जागी उभा करून चाकांना उटी लावावी आणि लिफ्टचे हात पूर्ण खाली घ्यावेत, नाही तर सिलिंडरमधले ऑइल वरच राहते. खालचे सोडायचे बोल्ट एकापेक्षा जास्त असतात. गिअर बॉक्सचा सोडला आणि मागचा विसरला तर निम्मे जुने ऑइल नव्यात मिसळते. बोल्टाच्या चुंबकाला राखाडी लोण्यासारखी भुकटी लागली असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारा तुकडा निघाला तर मात्र मिस्त्रीला बोलवावे. आमच्याकडे भुकटीच निघाली. जाळी गच्च भरलेली होती.

धाकटा डिझेलचा कॅन घेऊन आला, पेटी धुवून काढू म्हणाला. कित्येक मिस्त्री असे करतात. डिझेल भरून इंजिन चालू केले तर पंप कोरडाच घासतो, ते कधीही करू नये. पाणी मिसळलेले ऑइल कानाकोपऱ्यात तीनचार लिटर राहतेच. त्याला उपाय एकच, नवे ऑइल भरून थोडे तास चालवून पुन्हा बदलणे. खर्च दुप्पट होतो. हे ऐकून धाकट्याने कपाळाला हात लावला, आणि मला त्याचा राग आला नाही.

कोणते ऑइल? येथेच खरी चूक झाली होती. कमी पडले की त्यांनी कधी इंजिनाचे चाळीस नंबर ओतले, कधी नव्वद नंबरचे गिअर ऑइल, जे दुकानात हाती लागले ते. शिवाय शेजाऱ्याची हायड्रोलिक ट्रॉली जोडली की तिच्या जॅकमधले ऑइल आपल्या पेटीत येते आणि आपले तिच्यात जाते. तीन ट्रॅक्टरांना एक ट्रॉली म्हणजे तिघांचा कचरा एक. नव्वद नंबरने गिअर चालतील, पण तेलातल्या ब्रेकना ते चालत नाही. ब्रेक किंचाळतात, झटके देतात आणि पकड सोडतात. त्यांच्यासाठी खास औषध घातलेले ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन ऑइलच लागते. पुस्तकात नाव आणि नंबर असतो. डबा सीलबंद घ्यावा, पावती घ्यावी.

मी विचारले, ब्रेक आवाज करतात का? थोरला म्हणाला, "दोन वर्षं झाली. सवय झाली आता." त्यांच्या वाडीपासून रस्त्यापर्यंत उतार आहे. त्या उतारावरून भाताची पोती भरलेली ट्रॉली जाते, आणि जत्रेला, नको म्हटले तरी, माणसेही त्याच ट्रॉलीत बसतात. मघापासून गप्प असलेली आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "म्हंजी पोरं बसत्यात, ती अशा ब्रेकावर?" कोणी उत्तर दिले नाही.

नवे ऑइल भरून, इंजिन हळू ठेवून, लिफ्ट आठदहा वेळा वरखाली केली, म्हणजे अडकलेली हवा निघते. मग दहा मिनिटे थांबून पट्टी पुन्हा पाहिली, लिटरभर कमी भरले, ते टाकले. नांगर वर गेला. पंप चांगला होता, फक्त त्याला जाळीतून ऑइल मिळत नव्हते. ब्रेक मात्र सुधारले नाहीत. दुसऱ्यांदा ऑइल बदलल्यावरही किंचाळत राहिले, आणि शेवटी हरभरा विकल्यावर प्लेटा बदलाव्या लागल्या. वेळेवर ऑइल बदलले असते तर तो खर्च बहुधा टळला असता.

काढलेले ऑइल धाकटा ओढ्याकडे ओतायला निघाला होता. त्या ओढ्याच्या कडेला खालच्या आळीची विहीर आहे. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते जमिनीत, ओढ्यात किंवा चुलीत घालू नये. बंद ड्रममध्ये साठवून, परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याकडे पोहोचवण्यासाठी गॅरेजात किंवा विक्रेत्याकडे द्यावे.

वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर ऑइल बदलल्याची तारीख घातली आणि डिझेलची बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू केली. मीटरही दुरुस्त करून घ्या म्हणून मी सांगितले होते. परवा गेलो तेव्हा तो बंदच होता, वही मात्र चालू होती.

या विषयावर पत्र लिहिताना ट्रॅक्टर कोणत्या सालचा, ब्रेक कोरडे की तेलातले, आणि चिखलणी करता की नाही, एवढे अवश्य कळवावे. त्यावाचून उत्तर देता येत नाही.